सोळा पदार्थांची यादी: मोजकंच खाणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

३४ वर्षांची, दिवसभर संगणकासमोर बसून काम करणारी एक महिला. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. वजन उंचीच्या मानाने योग्य, कुठलाही मोठा आजार नाही, व्यसन नाही. लहानपणापासून ठरावीक पदार्थांपलीकडे काही खाल्लं नाही. घरच्यांनी त्याला नखरे म्हटलं आणि ‘मोठी झाली की खाईल’ म्हणून विषय सोडून दिला. मोठेपणी नोकरी लागली, लग्न झालं, यादी मात्र तेवढीच राहिली. मागच्या दोन-तीन वर्षांत तर ती थोडी आखडली.

आहारतज्ज्ञाकडे त्या आल्या त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तीन-चार दिवसांतून एकदा शौचाला होणं, तेही कुंथून, आणि त्यातून झालेली गुदद्वाराची चीर ही मुख्य तक्रार होती. सोबत दुपारनंतर येणारा थकवा. तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे स्त्रियांसाठीच्या १२ च्या मर्यादेच्या जेमतेम वर. पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ११ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. १५ च्या खालचा आकडा लोहाची कमतरता मानला जातो, त्यामुळे रक्त अजून उतरलं नसलं तरी कोठार रिकामं झालं होतं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८, म्हणजे थोडं जास्त. ब-१२ व्यवस्थित, कारण दूध, चीज आणि चिकन रोजच्या खाण्यात होतं.

चिठ्ठीवर ‘भाज्या, फळे, सॅलड वाढवावे’ एवढंच लिहिलेलं होतं. हा सल्ला त्यांना आधीही अनेकदा मिळाला होता. दर वेळी त्यांनी मोठा वाडगाभर सॅलड करून घेतलं, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला उबळ आली, आणि पुढचे काही महिने तो विषय बंद झाला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या भेटीत काय खावं याबद्दल काहीच बोलणं झालं नाही. फक्त यादी केली. ज्याला त्या निर्धास्तपणे हात लावतात असे पदार्थ निघाले सोळा: पांढरा ब्रेड, लोणी, चीज, पांढरा भात, साध्या नूडल्स, बटाट्याचे तळलेले काप, वेफर्स, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं चिकन, केचप, खारे शेंगदाणे, दूध, साधी बिस्किटं, व्हॅनिला आइस्क्रीम, डार्क चॉकलेट, जेमतेम पिवळं झालेलं केळं आणि काळी कॉफी.

मग प्रत्येक पदार्थासमोर पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: दाताखाली कसा लागतो, कोरडा की ओला, गरम की गार, रंग, आणि ठरावीक ब्रँडचाच लागतो का. या तक्त्याने प्रकरणाला दिशा दिली. यादीतले सगळे पदार्थ एक तर कोरडे-कुरकुरीत होते, नाही तर सगळीकडे सारखे मऊ. एकाही पदार्थात बिया नव्हत्या, सालं नव्हती, धागे नव्हते. वरून कडक आणि आत बुळबुळीत असं काही नव्हतं. पहिला घास जसा, तसाच शेवटचा. केळ्यावर तपकिरी ठिपके आले की ते बाद, कारण मग त्यातला एखादा भाग लिबलिबीत निघू शकतो.

काळी कॉफी आणि डार्क चॉकलेट हे दोन्ही कडू पदार्थ यादीत होते, हेही नोंदवण्यासारखं. ‘भाज्या कडू लागतात म्हणून खात नाही’ असं त्या स्वतःच सांगत आल्या होत्या. काही लोकांना कडवटपणा जन्मतःच तीव्र जाणवतो हे खरं, पण इथे कडू चव हा अडथळा नव्हता. अडथळा होता तो तोंडात काय येईल याचा भरवसा नसण्याचा. टोमॅटोची फोड घ्या: साल चिवट, गर रवाळ, बियांभोवतीचा भाग गिळगिळीत, आणि कुठल्या घासात काय येईल सांगता येत नाही. केचपमध्ये तोच टोमॅटो, पण थेंबन्‌थेंब सारखा. म्हणून केचप चालतं आणि टोमॅटो नाही. यात विसंगती काही नाही. त्यांच्या पतींना मात्र अनेक वर्षं तो निव्वळ हट्ट वाटत आला होता.

तीन दिवसांच्या नोंदीवरून तंतुमय पदार्थ दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास निघाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी किमान २५ ग्रॅम सांगते, शिवाय फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम. इथे एका केळ्याखेरीज फळ नव्हतं आणि बटाटा त्या हिशेबात धरत नाहीत. अर्थात बटाट्याचे उपकारही होते. क जीवनसत्त्व पोटात जात होतं ते बरंचसं त्यातूनच, आणि हिरड्यांतून रक्त येण्याइतकी कमतरता झाली नाही याचं श्रेय त्यालाच द्यावं लागेल. अशा व्यक्तीला ‘आधी बटाटा बंद करा’ सांगणं धोक्याचं ठरू शकतं.

पहिला निर्णय: हा विकार आहे का?

२०१३ साली अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत ‘आर्फिड’ या विकाराची नोंद झाली. यात माणूस बारीक होण्यासाठी खाणं टाळत नाही. तो टाळतो ते पोत-वास-चव सहन न झाल्यामुळे, खाण्यात रसच नसल्यामुळे, किंवा घास अडकेल, उलटी होईल अशा भीतीमुळे. त्यातून लक्षणीय वजनघट, पोषणाची ठळक कमतरता, पूरक पोषणावर अवलंबून राहणं किंवा सामाजिक जीवनात मोठा अडथळा, यांपैकी एक जरी झालं तरी निदानाचा विचार करावा लागतो.

या महिलेचं वजन स्थिर होतं. पण फेरिटिन खाली गेलेलं, आणि कार्यालयातल्या सामूहिक जेवणाला त्या कायम काहीतरी कारण काढून जात नसत. लग्नकार्यांना घरून खाऊन जात. म्हणजे प्रकरण उंबरठ्यावरचं होतं. आहारातले बदल आधी सुरू करायचे आणि काही खुणा दिसल्या तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं असं ठरलं. त्या खुणा लिहून ठेवल्या: यादीतला पदार्थ कमी होत जाणं, वजन उतरू लागणं, खाण्याच्या नुसत्या विचाराने घाम फुटणं. घास खरोखर घशात अडकतो का, दुखतो का, हेही विचारून घेतलं. तसं असतं तर आहारतज्ज्ञाचं काम तिथेच थांबतं आणि आधी घसा-अन्ननलिकेची तपासणी होते.

कोणते पर्याय समोर होते

गोळ्यांवर भागवणं सगळ्यांत सोपं होतं. लोहाची गोळी लागणारच होती, सोबत बहुजीवनसत्त्वांची घेता आली असती. पण गोळीत तंतू नसतात, आणि मूळ तक्रार पोट साफ न होण्याची होती. त्यात लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ वाढतो. त्यामुळे डॉक्टरांशी बोलून ६० मिलिग्रॅम लोह एक दिवसाआड ठरलं आणि शौच मऊ करणारं औषध आधी आठवडाभर सुरू केलं. गोळी आणि कॉफी यांत किमान तासाभराचं अंतर. कॉफीतले घटक लोह शोषू देत नाहीत. त्या सकाळची गोळी कॉफीबरोबरच घेणार होत्या, हे सहज विचारलं म्हणून कळलं.

इसबगोलाचाही विचार झाला. कागदावर उत्तम, पण पाण्यात पडल्यावर मिनिटाभरात त्याचा बुळबुळीत गोळा व्हायला लागतो. या व्यक्तीसाठी याहून वाईट पोत शोधून सापडला नसता. एकदा करून बघितलं, ग्लास तसाच राहिला.

तिसरा पर्याय भाज्या लपवण्याचा: वाटून सॉसमध्ये, ब्रेडच्या पिठात, चीजमध्ये. मुलांच्या बाबतीत हा सल्ला सर्रास दिला जातो. पोषण पोटात जातं, पण खाणाऱ्याला ते माहीतच नसल्यामुळे नव्या पदार्थाची ओळख होत नाही. आणि कळलं तर ज्या पदार्थात लपवलं तो पदार्थही हातचा जातो. सोळाच पदार्थ असताना त्यातला एक गमावणं परवडत नाही. हा पर्याय बाद केला, तरी पुढे तो मागच्या दाराने आलाच.

उरला तो टप्प्याटप्प्याचा मार्ग: खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाचा एकच गुणधर्म बदलत पुढचा पदार्थ गाठायचा, आणि त्यासोबत जेवणाबाहेर छोट्या चवी घ्यायच्या. लहान मुलांवरच्या अभ्यासांत नवा पदार्थ पसंत पडायला साधारण ८ ते १५ वेळा चव घ्यावी लागते असं दिसतं. प्रौढांनी त्याहून लवकर जमेल अशी आशा धरू नये. त्यांच्याकडे नकाराचा सरावही जास्त वर्षांचा असतो. सॅलड या मार्गाच्या अगदी शेवटी येतं. एकाच वाडग्यात ओलं, कुरकुरीत, पातळ, तेलकट, गार, बियांचं असं सगळं एकत्र असतं, म्हणजे या माणसांसाठी सर्वांत अवघड परीक्षा. सुरुवातीलाच ते सांगायचा प्रघात का पडला, कोण जाणे.

पहिले दोन आठवडे: नवीन काहीच नाही

यादीच्या आतच काय सुधारता येईल ते आधी पाहिलं. पांढऱ्या ब्रेडच्या कापात तंतू जेमतेम १ ग्रॅम, गव्हाच्या सबंध पिठाच्या कापात अडीच ते तीन. पहिला प्रयत्न बिया लावलेल्या ब्रेडचा झाला, तो अर्थातच फसला. मग बारीक दळलेल्या सबंध पिठाचा, वर-आत काहीही न लावलेला ब्रेड आणला. सँडविचमध्ये वरचा काप पांढरा, खालचा नवा, मध्ये चीज आणि दोन्ही बाजूंनी कडक भाजलेलं. भाजल्यावर दोन्ही कापांच्या पोतातला फरक बराच पुसला जातो. पाचव्या दिवशी दोन्ही काप नवे झाले.

पांढरा ब्रेड घरातून हद्दपार केला नाही, हे मुद्दाम. मूळ पदार्थ समोर राहिला की नव्याचा धाक कमी होतो. मूळ काढून घेतला तर नवा पदार्थ शिक्षा वाटू लागतो.

बटाट्याचे काप तळण्याऐवजी ओव्हनमध्ये करायचे होते. इथे गडबड होते ती ओलाव्यामुळे. काप १ सेंटिमीटर जाडीचे, अर्धा तास गार पाण्यात बुडवून वरचा स्टार्च काढायचा, मग फडक्याने अगदी कोरडे पुसायचे. ५०० ग्रॅमला एक मोठा चमचा तेल. २२० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. ट्रेमध्ये गर्दी केली तर काप स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि मऊ पडतात. पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं, कारण किलोभर बटाटा एकाच ट्रेवर पसरला होता. दुसऱ्या दिवशी दोन ट्रे वापरले.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर. तंतू वाढवताना आठवड्याला साधारण ५ ग्रॅमच वाढवले. एकदम दुप्पट केले की पोट फुगतं, गॅस होतो, आणि ‘हे मला मानवत नाही’ म्हणून सगळं बंद पडतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: चवीचे प्रयोग

चव घेण्याचे नियम कागदावर लिहून दिले. जेवणाच्या ताटात नवा पदार्थ नाही. जेवणानंतर दोन तासांनी, फार भूक नाही आणि पोटही गच्च नाही अशा वेळी, पाच मिनिटं. पहिला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, मग वाटाण्याएवढा, मग चमचाभर. जिभेच्या मध्यावर ठेवायचा नाही, बाजूच्या दाढेवर ठेवून चावायचा. उबळ कमी येते. चावताना नाकाने श्वास. हातात टिश्यू, थुंकायची पूर्ण मुभा. नंतर नावड ० ते १० मध्ये लिहायची आणि सोबत दोन-चार शब्दांचा शेरा. आठवड्यातून चार दिवस, एका वेळी जास्तीत जास्त दोन पदार्थ. सलग तीनदा ७ च्या वर गेलं तर पदार्थ सोडायचा नाही, त्याचं रूप बदलायचं.

थुंकायची मुभा अनेकांना विचित्र वाटते. पण गिळावंच लागणार नाही ही खात्री असली की तुकडा तोंडात तरी जातो.

पहिले दोन पदार्थ गाजर आणि काबुली चणे. गाजराकडे जायचं ते बटाट्याच्या कापांवरून: तोच आकार, तोच ट्रे, तेच मीठ. कच्चं गाजर कुरकुरीत असूनही नको होतं, कारण चावल्यावर शेवटी तोंडात ओलसर चोथा उरतो. ओव्हनमधल्या गाजराची अडचण वेगळी. त्यात पाणी खूप आणि स्टार्च नगण्य, त्यामुळे बटाट्यासारखं कवच धरत नाही. त्यांच्या वहीतल्या नोंदी अशा: ‘६. चव बरी, मधला भाग गचगचीत.’ ‘७. काल कडक होता, आज मऊ.’ ‘८. दोन तुकडे दोन तऱ्हेचे.’ आकडा वर चढत होता आणि तक्रार प्रत्येक वेळी पोताचीच होती, एकदाही चवीची नाही. म्हणून रूप बदललं: काप ७ मिलिमीटरचे, सगळे एका जाडीचे, २५० ग्रॅमला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि दोन छोटे चमचे तेल, मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं, २२० अंशांवर २५ मिनिटं, मग ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवून पाच मिनिटं. पुढची नोंद: ‘४. कडा आवडल्या.’ तिथून नवव्या चवीपर्यंत २ वर आलं. पुढे गाजर बटाट्याच्या कापांत मिसळून ताटात गेलं, आधी एकास चार, नंतर निम्मं-निम्मं.

काबुली चणे कागदावर अगदी योग्य होते: कोरडे, कुरकुरीत, खारे, शेंगदाण्यांचे चुलतभाऊ. ३० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम तंतू. शिजवून घरी भाजलेले मात्र काही कडक, काही आत पिठूळ निघाले. एक पिठूळ दाणा लागला आणि आख्खी वाटी बाजूला गेली. शेवटी तयार भाजलेल्या चण्यांचं पाकीट आणलं. त्यात दाण्या-दाण्यात फरक नसतो. तिसऱ्या चवीलाच ते यादीत आले. घरचं ते चांगलं या आग्रहापायी इथे एक पदार्थ निष्कारण हुकला असता.

केचपवरून सॉसकडे जायला जास्त वेळ लागला. ४०० ग्रॅम टोमॅटो, ८० ग्रॅम कांदा, १०० ग्रॅम गाजर २५ मिनिटं शिजवून, दोन मिनिटं मिक्सरमधून काढून, बारीक चाळणीतून गाळलं. गाळल्यामुळे साली-बियांतले तंतू वाया जातात, पण सुरुवातीला गुळगुळीतपणा जास्त मोलाचा. नूडल्सवर ओतला नाही, शेजारच्या वाटीत दिला, आधी काट्याचं टोक बुडवण्यापुरता. सॉस पक्का बसल्यावर त्यात सोललेली लाल मसूर घातली, चार वाढण्यांना ६० ग्रॅम कोरडी. वीस मिनिटांत ती पूर्ण विरघळते आणि मिक्सरनंतर दाणा लागत नाही. काय घातलंय ते त्यांना आधी सांगितलं होतं, किंबहुना डाळ त्यांनीच मोजून टाकली.

कुठे फसलं

वाटाणे अजिबात जमले नाहीत. दोन मिनिटं उकळून बर्फाच्या पाण्यात गार केलेले, चेचलेले, कुरकुरीत भाजलेले, तिन्ही रूपं झाली. साल फुटते आणि आतून मऊ गर येतो, म्हणजे एका दाण्यात दोन पोत. पोताचा तक्ता नीट वाचला असता तर हा पदार्थ निवडलाच नसता.

सातव्या आठवड्यात मोठी घसरण झाली. पतींनी मदत म्हणून फ्लॉवर शिजवून, वाटून चीज सँडविचमध्ये घातला. चवीत फरक जवळजवळ नव्हता, पण एका घासाला रवाळ लागलं. त्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, ‘अगं, कळलं सुद्धा नाही तुला!’ त्या दिवसापासून सँडविच बंद, चीज बंद, आणि गव्हाचा ब्रेडही बंद. यादी सोळाच्याही खाली गेली. ब्रेड तीन आठवड्यांनी परतला, चीज त्यानंतर. तेही न कापलेली वडी त्यांनी स्वतः उघडून कापली तेव्हा.

इथे दोन मार्ग होते. थोडं थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायचं, किंवा आधी घरातला व्यवहार सुधारायचा. दुसरा निवडला. पतींना भेटीला बोलावून तीन गोष्टी ठरल्या: ताटातलं काहीही न सांगता बदलायचं नाही, चव घेताना समोर बसायचं नाही, आणि खाल्लं तर कौतुक करायचं नाही. शेवटची अट त्यांना पटायला जड गेली. पण ‘वा, खाल्लंस की!’ या वाक्यानंतर पुढच्या वेळी खाणं बंधनकारक होतं, नाही खाल्लं तर माघार ठरते. प्रौढ माणसाला जेवताना प्रेक्षक नको असतो.

यादी आखडणं ही आधी ठरवलेली खूण होती, म्हणून याच टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी संवेदनांशी निगडित स्वरूपाच्या आर्फिडचं निदान केलं आणि काही सत्रं घेतली, मुख्यतः उबळ येण्याआधीच्या धास्तीवर. निदान कळल्यावर घरातला ‘नखरे’ हा शब्द बंद झाला. औषधाने होणार नाही असं काम त्याने केलं.

सहा महिन्यांनंतर

यादीत २४ पदार्थ आहेत. नवीन आठ: गव्हाचा ब्रेड, गाजराचे काप, टोमॅटोचा सॉस, मसूर घातलेला सॉस, भाजलेले चणे, गुळगुळीत पीनट बटर, गोठवून सुकवलेल्या स्ट्रॉबेरी आणि सफरचंद. सुकवलेल्या स्ट्रॉबेरीचा उपयोग अनपेक्षित होता: फळाची आंबट-गोड चव, पण पोत वेफर्ससारखा. त्या चवीची सवय झाल्यावर सफरचंद सोपं गेलं, साल काढून २ मिलिमीटरचे पातळ काप, आणि फक्त कडक जातीचं. पिठूळ निघालं तर फेकून द्यायची मुभा.

तंतू सरासरी २० ग्रॅम. फळं-भाज्या बऱ्या दिवशी २०० ग्रॅमच्या वर जातात; ४०० अजून दूर आहे. शौच बहुतेक रोज, औषध चौथ्या महिन्यात थांबवलं, चीर भरली. फेरिटिन ३४. ते मुख्यतः गोळीमुळे, खाण्यामुळे नव्हे. गोळी थांबल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं आहे. एलडीएल १३१, त्यात तळण कमी झाल्याचा वाटा असावा. वजनात फरक नाही, तो अपेक्षितही नव्हता.

कार्यालयातल्या एका जेवणाला त्या गेल्या. आधी मेनू मागवून बघितला, दोन पदार्थ चालणारे दिसले, आणि पिशवीत चण्यांचं पाकीट होतंच. पानांच्या भाज्या, कच्चं सॅलड आणि रस्सा असलेलं काहीही अजून नको आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्या महिन्यातच पाठवणं जास्त बरं ठरलं असतं. फेरिटिन ११ आणि जेवणांची टाळाटाळ या दोन गोष्टी पुरेशा होत्या. आहाराचं काम त्यासाठी थांबवावं लागलं नसतं, दोन्ही बरोबर चाललं असतं.

पती पहिल्याच भेटीला हवे होते. स्वयंपाक निम्मा त्यांच्याकडे होता आणि नियम फक्त एकीला माहीत होते.

गाजराऐवजी सुरुवात चण्यांनी आणि पीनट बटरने केली असती तर पहिल्या पंधरवड्यात दोन सोपे विजय मिळाले असते. गाजर निवडलं गेलं कारण ती ‘भाजी’ होती, आणि भाजी खायला लावायची घाई सल्ला देणाऱ्यालाही असते. पोताच्या तक्त्यात जो पदार्थ सर्वांत जवळचा, तो आधी घ्यायचा. त्याच्या पोषणमूल्याचा विचार दुसऱ्या क्रमांकावर.

ब्रँड बदलण्याची तयारीही आधी करायला हवी होती. चौथ्या महिन्यात नेहमीचा ब्रेड आठवडाभर मिळाला नाही आणि सगळं जेवण विस्कटलं. आता ब्रेडचे दोन ब्रँड आलटून-पालटून आणले जातात आणि एक पुडा फ्रीझरमध्ये असतो. नव्या आठपैकी प्रत्येक पदार्थ आठवड्यातून किमान एकदा खायचा असंही ठरलं आहे, कारण महिनाभर न खाल्लेला पदार्थ पुन्हा अनोळखी होतो; सुकवलेल्या स्ट्रॉबेरीच्या बाबतीत एकदा तसं झालं आणि चार चवी पुन्हा घ्याव्या लागल्या. सध्या चवीच्या वहीत भोपळा आहे: गाजरासारखेच काप, कॉर्नफ्लॉवर थोडं जास्त. शेवटची नोंद ५ ची, ‘कड चालेल, आतलं नाही’, म्हणून पुढच्या खेपेला काप ५ मिलिमीटरचे करायचे आहेत.